ऑइलची रिकामी डबी

संघप्रिया आमच्या वाघदऱ्याच्या उपकेंद्राची नर्स, आणि मी तिथल्या शाळेची मास्तरीण. दोघी जिंतूरला राहतो, तिची गल्ली माझ्या गल्लीला लागूनच. गेली पाच वर्षं मी तिच्या मोटरसायकलवर मागं बसून नोकरीला जातेय. माझ्याकडं स्कूटी आहे, पण ती गावातल्या गावात बरी. वाघदऱ्याला जायचं म्हणजे चारठाण्याच्या रस्त्याला लागायचं, पुढं तो लांब उतार उतरायचा आणि मग डावीकडं डोंगरात शिरायचं. तिथं दोन्ही चाकांना डिस्कब्रेक असलेली तिची दणकट गाडीच पाहिजे.

ही बाई गाडीची बरीचशी कामं घरीच करते. त्याला कारण घडलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं गाडी एका गॅरेजला दिली, ब्रेक ऑइल बदलून घेतलं आणि त्याच दिवशी वाघदऱ्याच्या डोंगरात एका वळणावर ब्रेकची दांडी लोण्यात बोट जावं तशी आत गेली. कशीबशी थांबली. मेकॅनिकनं नळीतली हवा काढलीच नव्हती. घरी येऊन तिनं मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि मला म्हणाली, "निवेदिताताई, हे तर आमचंच काम हाय. सलाईन लावताना नळीतली हवा काढतो का न्हाई? तसंच. हवा दाबली की दबती, ऑइल दबत न्हाई. नळीत हवा राहिली तर दाबलेला सगळा जोर हवेतच जातो, चाकापर्यंत पोचतच न्हाई."

तेव्हापासून वर्षातून एकदा ती स्वतः अंगणात बसायची. मुदत संपलेल्या सलाईनच्या सेटची पारदर्शक नळी, आठ नंबरचा पाना, एक रिकामी बाटली, एक सिरिंज आणि ऑइलचा सीलबंद डबा. चाकाजवळच्या, हवा सोडायच्या छोट्या निपलला नळी लावायची, ब्रेक दाबून धरायचा, निपल जरा सैल करायचा, बुडबुडे बाहेर आले की कसायचा आणि मगच ब्रेक सोडायचा. असं करत राहायचं. वर हॅन्डलजवळच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. डबी रिकामी झाली की वरून परत हवा आत.

या जानेवारीतल्या एका रविवारी तिचं नेमकं तेच चुकलं.

तिचा नवरा सिद्धोधन, कृषी सहायक, त्या दिवशी सोनपेठला एका साखरपुड्याला गेला होता. घरी सासरे दत्तराव, सासू मालनबाई आणि सहा वर्षांची पिंकी. संघप्रियानं सकाळी दहाला काम काढलं. पुढच्या डबीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजनं ओढून घेतलं आणि ठरवलं, आधी मागचा ब्रेक करू, मग पुढच्या डबीत नवं भरू. मागच्या ब्रेकची डबी बाजूच्या पत्र्याआड असते, पटकन दिसत नाही. नळीतल्या बुडबुड्यांकडं बघता बघता ती डबी कधी रिकामी झाली ते तिला कळलंच नाही. पायाचा ब्रेक खाली जाऊन बसला. मग हवा काढता काढता आणलेला डबाच संपला. मागचा ब्रेक अर्धवट आणि पुढच्या डबीत थेंब नाही.

तिनं दोन्ही निपल कसले. धूळ पडू नये म्हणून डब्यांची झाकणं लावली, स्क्रू आवळले. सांडलेल्या ऑइलनं रंग जातो म्हणून गाडी पाण्यानं धुवून कोरडी पुसली. पाने, नळी, बाटली उचलून आत ठेवली. आणि पायी नवा डबा आणायला निघाली. रविवार असल्यानं बसस्टँडजवळचं दुकान बंद होतं, म्हणून ती पार परभणी रोडपर्यंत गेली. परत यायला पाऊण तास लागला.

मी गच्चीवर तीळ निवडत बसले होते. खालून हाक आली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ताई! स्कूटीची चावी! लवकर!"

खाली पळत गेले तर ती दारात उभी, हातात ऑइलचा डबा, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"मामा गाडी घेऊन गेले. पिंकीला घेऊन." सासऱ्याला ती मामा म्हणते, सासूला आई. "चारठाण्याला. कस्तुराबाई आत्या न्हाणीत पडल्या म्हणून फोन आला म्हणं. आईला मी दारातून सांगितलं होतं गाडीला हात लावू देऊ नका, त्या आत भाकरी करत होत्या, ऐकूच गेलं न्हाई. मामांना वाटलं आसंल, काम झालं. गाडी धुतलेली, पुसलेली, चावी खिळ्याला."

"मग?"

"ताई, त्या गाडीला ब्रेक न्हाई!"

स्कूटीत किल्ली तिला लागेना. मी म्हटलं, मी चालवते, तू मागं बस आणि फोन लाव. मी एरवी तिशीच्या वर स्कूटी नेत नाही. त्या दिवशी किती नेली ठाऊक नाही.

मागून फोनची रिंग मला ऐकू येत होती. एकदा पूर्ण वाजली. दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा.

"उचलणार न्हाईत," ती माझ्या कानाशी म्हणाली. "गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई, मीच भांडून भांडून लावलीय सवय."

"पण निघतानाच कळलं असेल ना त्यांना? गल्लीत ब्रेक लागला नसता तर थांबले असते."

"तेच तर ताई. पुढचा लागला आसंल. नळीत जुनं ऑइल हाय अजून. गल्लीत लागंल, बसस्टँडपाशी लागंल. पण डबी रिकामी हाय. दाबला, सोडला की थोडी थोडी हवा आत ओढणार. दहा बारी लागंल आन अकराव्या बारीला दांडी नुसती मुठीला येऊन टेकंल. आन मामाला मागचा ब्रेक मऊ लागला तरी ते पुढच्यावरच भागवत्यात."

मला तो उतार दिसायला लागला. रोज दोनदा बघितलेला. वर खडी फोडायच्या क्रशरची पांढरी धूळ, मग सरळ खाली जाणारा रस्ता, आणि खाली अरुंद पूल. कापसाच्या ट्रॉल्या तिथं रांगेनं चालतात. दत्तराव पासष्टचे, शाळेत शिपाई होते, चाळीसच्या वर गाडी कधी नेत नाहीत. पण उतारावर चाळीसची साठ व्हायला वेळ लागत नाही. आणि पिंकी नेहमी टाकीवर बसते, पुढं, हॅन्डलला धरून.

गावाबाहेर पडलो आणि ढाब्याजवळ गर्दी दिसली. दहा-बारा माणसं रस्त्याच्या कडेला वाकून उभी. संघप्रियानं माझा खांदा असा धरला की दोन दिवस वळ राहिला. स्कूटी थांबायच्या आधीच ती उतरून पळाली. गर्दीत घुसली आणि तशीच बाहेर आली. शेळ्यांच्या पिकअपचं टायर फुटलं होतं, माणसं जॅक लावायलीत. तिला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण ती परत मागं बसली तेव्हा तिचे दात वाजत होते, भर उन्हात.

"ताई, मी नाळ कापलेली लेकरं मोजली न्हाईत कधी," ती मधेच म्हणाली. "कुणाचंबी काही वाईट केलं न्हाई मी."

मी मनात म्हणत होते, की ते उताराच्या आधीच कुठंतरी थांबलेले असू देत. पानपट्टीवर, पेट्रोल पंपावर, कुठंही. पंप गेला. पानपट्टी गेली. क्रशर आला. आम्ही उताराच्या तोंडाशी पोचलो आणि मी दोन्ही ब्रेक दाबून धरले. स्कूटीचे ब्रेक लागले तरी मला ते लागल्यासारखे वाटेनात.

उतारावर रस्ता मोकळा होता. खाली पुलाजवळ एक कापसाची ट्रॉली उभी होती आणि तिच्या समोर एक एसटी. दोन्ही उभ्याच. डाव्या हाताला तुरीचं कापलेलं रान, त्याच्या पुढं नांगरट. आम्ही अर्ध्यावर आलो तेव्हा रानातून एक माणूस हात वर करून ओरडत पळत आला. किशनराव. त्यांच्या सुनेचं बाळंतपण संघप्रियानंच केलेलं.

"आवो नर्सबाई! तुमचीच गाडी हाय नव्हं? हिकडं, हिकडं या!"

"पोरगी?" संघप्रिया एवढंच म्हणाली.

"हाय, हाय. बसवलीय सावलीला."

हाय म्हणजे काय, हे त्या क्षणी दोघींनाही कळलं नाही. काटेरी कुंपणाला एक खिंडार होतं, त्यातून चाकाचा खोल ओरखडा आत गेला होता आणि नांगरटीत गाडी आडवी पडली होती. बाभळीखाली दत्तराव बसलेले, डावा हात उजव्या हातानं पोटाशी धरून. शेजारी पिंकी. हनुवटी सोलून निघालेली, अंगभर माती, आणि अजिबात रडत नव्हती. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

मग मी संघप्रियाला बदलताना बघितलं. पिंकीपुढं बसून तिनं तिला नाव विचारलं, शाळा विचारली, आज काय खाल्लं विचारलं. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, मान, पोट, हातपाय चाचपून बघितले. पिंकी म्हणाली, "आई, आबानं मला असं धरलं आन आमी मातीत उडालो." आणि मग रडायला लागली. संघप्रियानं डोळे मिटून एक श्वास घेतला. नंतर सासऱ्याचा खांदा बघितला. गळपट्टीचं हाड मोडलेलं. ओढणी काढून तिनं हात गळ्यात बांधला.

दत्तराव सांगायला लागले. म्होरं ट्रॉली होती, समोरून एसटी येत होती. मागचा ब्रेक दाबला, पाय खाली गेला. पुढचा दाबला, दांडी मुठीला लागली. गेर खाली टाकला, पण ट्रॉली जवळ यायलीच होती. मग डावीकडं कुंपण दिसलं. पोरीला छातीशी दाबलं आणि गाडी घातली.

"माझंच चुकलं, पोरी," ते म्हणाले. "हातात जोरच राहिला न्हाई. ब्रेक दाबायला माणूस कमी पडला म्हंजे झालंच की."

संघप्रियानं तोंड उघडलं. मी तिच्याकडं बघत होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "आधी दवाखान्यात चला, मामा," एवढंच ती म्हणाली.

किशनरावांनी पिकअप बोलावला. गाडी त्यांच्याच गोठ्यात ठेवली.

त्यानंतरचे तीन दिवस मला त्या उतारापेक्षा जड गेले. संध्याकाळीच सिद्धोधन आला, बापाच्या खांद्याचा पट्टा बघितला, लेकीची हनुवटी बघितली आणि चावी स्वतःच्या खिशात घातली. "दादा, आता गाडीला हात लावायचा न्हाई. वय झालंय तुमचं." मालनबाई येता-जाता बोलायच्या, म्हातारपणी मिजास कशाला, लेकराचा जीव गेला आसता. दत्तराव ऐकून घ्यायचे. संघप्रियानं ब्रेकचं काम पुरं केलंय, असंच सगळे धरून चालले होते. पिंकीला शाळेत सोडायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी आपणहून सोडलं. चालत न्यायलाही नको म्हणाले. मी मंगळवारी भेटायला गेले तर ओसरीत बसून उजव्या हातात टॉवेल घेऊन पिळत होते, सोडत होते, परत पिळत होते. मला म्हणाले, "मॅडम, बगा बरं, जोर हाय का न्हाई? मला तर हाय आसंच वाटतंय. पण नसंल."

संघप्रिया आत गॅससमोर उभी होती. तिला ते ऐकू गेलं. मी आत गेले तर ती तव्यावर करपणाऱ्या भाकरीकडं नुसती बघत होती.

"सांग," मी हळू म्हटलं.

"भ्या वाटतंय ताई."

"कुणाचं? सिद्धोधनचं?"

"त्यांचं न्हाई." तिनं करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली. "पिंकीचं. मोठी झाल्यावर ती म्हणंल, आईनं मला मारलंच होतं. आन मामाचं. ते मला पोरी म्हणत्यात, सून म्हणत न्हाईत." मग म्हणाली, "परवा हे मेकॅनिक पाठवणार हायेत किशनरावच्या गोठ्यात. त्यानं झाकण उघडलं की कळंलच. रात्रभर झोप न्हाई. आवाज झाला की वाटतंय, कळलं."

"मेकॅनिकच्या तोंडून कळलं तर?"

तिनं गॅस बंद केला.

बुधवारी रात्री जेवणाच्या वेळी तिनं मला बोलावून घेतलं. एकटीच्यानं होणार नाही म्हणाली. सगळे ताटावर होते. तिनं बसून घेतलं, ओढणीचा काठ बोटाला गुंडाळला आणि एका दमात सांगून टाकलं. डबी रिकामी होती. मागचा अर्धवट होता. झाकण लावून, गाडी पुसून मी गेले. पान्यांचा पसारा तिथंच ठेवला असता, नुसता एक कागद हॅन्डलला बांधला असता, तरी मामांनी गाडी नेली नसती.

सिद्धोधननं ताट सरकवलं. "किती बारी सांगितलं तुला, गॅरेजला टाक म्हणून! व्हिडिओ बघून मेकॅनिक झालीस?" त्याचा आवाज चढला तशी पिंकी रडायला लागली. मालनबाई तिला उचलून बाहेर गेल्या.

दत्तराव मात्र उजव्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे ब्रेक लागणारच नव्हता? कुणीबी दाबला आसता तरी?"

"न्हाई मामा. पैलवानानं दाबला आसता तरी न्हाई."

"आन तुला हे रविवारीच ठावं होतं? मी तिथं मातीत बसलो होतो तवाच?"

"व्हय."

मला वाटलं ते हसतील, सोडून देतील. त्यांचा स्वभावच तसा. पण त्यांचा चेहरा लाल झाला. "चुका माझ्या बी झाल्यात. पण तीन दिवस मी मेल्यावानी बसलोय इथं. लेकराला हात लावायला भ्यायलोय. आन तू मला भाकर वाढायलीस, पाणी द्यायलीस, आन बोलंना?" ते उठले आणि न जेवता बाहेर गेले.

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ती एसटीनं वाघदऱ्याच्या फाट्यापर्यंत जायची, पुढं चालत. मीही तिच्याबरोबर चालायची. शुक्रवारी वाटेत ती म्हणाली, आज पिंकीला मामांनी शाळेत सोडलं.

शनिवारी किशनरावांनी ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणली. गोठ्यात मेकॅनिक पाठवायचं सिद्धोधननं रद्द केलं होतं, आता गॅरेजवाला घरी येऊन गाडी घेऊन जाणार होता. दत्तराव ओसरीवरून म्हणाले, "गॅरेजला न्हाई. तिनंच काढलेलं काम हाय, तीच पुरं करंल."

"मला न्हाई व्हायचं मामा," संघप्रिया म्हणाली. "मी हात लावणार न्हाई."

"मग आम्ही कुणाच्या भरवशावर बसायचं त्या गाडीवर? तू कर. डबी मी बघतो. मला एका हाताला दुसरं काय काम हाय?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि हॅन्डलपाशी बसले. सिद्धोधन चिडून आत गेला, पण थोड्या वेळानं बाहेर आला आणि पाना धरायला लागला. त्यांनी पुढचं चाक आधी घेतलं. संघप्रिया दांडी दाबून धरायची, सिद्धोधन निपल सैल करायचा, पारदर्शक नळीतून आधी काळं ऑइल आलं, मग बुडबुडेच बुडबुडे, साबणाच्या फेसासारखे. प्रत्येक वेळी ती विचारायची, "मामा, डबी?" आणि ते म्हणायचे, "अर्धी हाय." पुन्हा, "मामा, डबी?" "टाक थोडं." तिच्या कपाळावरून घाम नाकावर यायचा आणि ती पुसायची नाही. एकदा निपल सैल असताना तिच्याकडून दांडी सुटली, हवा परत आत गेली, आणि ती मागं सरून भिंतीला टेकली. सिद्धोधननं निपल कसून ठेवला. मग तीच पुढं झाली.

दुपारी एकला नळीतून नुसतं पिवळसर स्वच्छ ऑइल यायला लागलं. दांडी अर्ध्यातच घट्ट थांबायला लागली. मागच्याला आणखी तास गेला. तिनं गाडी सुरू केली नाही. आधी गल्लीत ढकलत नेली, दाबला, थांबली. परत ढकलली, परत दाबला. वीस वेळा तरी. मग गाडी रात्रभर तशीच ठेवली, सकाळी खाली कुठं थेंब पडलाय का ते बघितलं, डब्या उघडून बघितल्या आणि परत दाबून बघितलं.

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात आली. मी मागं बसले. खरं सांगते, मला बसायचं नव्हतं. रात्री मी नवऱ्याला म्हटलंही होतं, की उद्यापासून एसटीनं जाते. पण ती उभी होती, इंजिन चालू, मी पिशवी खांद्याला लावली आणि बसले. क्रशर मागं पडला. उताराच्या तोंडाशी तिनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"ताई, उतरा."

"का गं?"

"तुमी चालत या. आधी मी एकटी उतरते."

मी वाद घातला नाही. उतरले. तिनं पहिला गेर टाकला आणि निघाली. मी रस्त्याच्या कडेनं चालत होते आणि तिच्या मागचा लाल दिवा बघत होते. लागायचा, विझायचा, लागायचा. गाडी थांबायची, परत निघायची. एका ट्रकनं मागून हॉर्न वाजवला, तिनं त्याला पुढं जाऊ दिलं. खाली पुलापाशी ती थांबली, पाय टेकवले, आणि हॅन्डलवर डोकं ठेवून तशीच बसून राहिली.

मी पोचले तेव्हा तिनं डोकं वर केलं. डोळे ओले होते. म्हणाली, "लागतोय." आणि मग, "बसा. चला."

त्या दिवशी शाळेला अकरा मिनिटं उशीर झाला. हेडमास्तरांनी कारण विचारलं, मी म्हटलं, रस्त्यात काम होतं.